नाव न ठरलेली झोप: एका अनिश्चित निदानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुमेधा (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आमच्या निद्राविकार विभागात आली तेव्हा २९ वर्षांची होती. काम मुद्रितशोधनाचं. पहिल्या भेटीला तिनं रिपोर्टांच्या जाड फाइलसोबत प्रुफाचा एक कागद आणला होता. वरच्या अर्ध्या पानावर खुणा नीटनेटक्या. मग अक्षर मोठं होत जातं, खुणा ओळ सोडून खाली सरकतात आणि शेवटी पेन्सिलीची एक लांब रेघ समासातून तिरकी उतरत कागदाच्या कडेला संपते. त्या रेघेच्या आधीच्या सहा-सात खुणांना काहीच अर्थ नव्हता.

"या मीच केल्यात. पण केल्याचं आठवत नाही," ती म्हणाली.

झोपेनं घेरलेला माणूस हातातलं सवयीचं काम काही काळ तसंच पुढे रेटतो आणि नंतर त्याला ते आठवत नाही. याला आपोआप वर्तन म्हणतात. फाइलमधल्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा त्या कागदानं मला जास्त सांगितलं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

तक्रार साधारण वयाच्या १९ व्या वर्षापासूनची. रात्री दहा-अकरा तास झोपूनही उठणं हेच मोठं संकट. तीन गजर, त्यातला एक मुद्दाम न्हाणीघरात ठेवलेला. एकदा तो बंद करायला ती गेली आणि तिथंच भिंतीला टेकून पुन्हा झोपली. बहिणीनं हलवून उठवलं तेव्हा ती चिडून काहीबाही बोलली, आणि तासाभरानं त्यातलं तिला काही आठवेना. दुपारी डुलकी काढली तर तास-दीड तास जाई आणि उठल्यावर डोकं आणखी जड होई. घरचे म्हणत, "लहानपणापासूनच झोपाळू आहे ही." ऑफिसमध्ये आळशी असा शिक्का बसला होता.

दहा वर्षांत तिला तीन निदानं मिळाली. पहिलं नैराश्य. थकवा, कशात मन न लागणं, सुटीचा दिवस झोपेत जाणं हे सगळं त्यात बसत होतं. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं, मन बरंच सावरलं, झोप होती तशीच राहिली. दुसरं निदान स्लीप ॲप्नियाचं. घरी केलेल्या तपासणीत तासाला सरासरी ६ वेळा श्वास अडल्याची नोंद झाली. ५ च्या वर गेलं की सौम्य ॲप्निया धरतात, म्हणून झोपेत हवेच्या दाबानं श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लावलं. तीन महिने तिनं ते रोज रात्री प्रामाणिकपणे वापरलं. घोरणं थांबलं, दिवसाची झोप काही हलली नाही. तिसरं निदान इडिओपॅथिक हायपरसोम्निया, म्हणजे कारण न कळलेली अतिनिद्रा. ते प्रयोगशाळेतल्या रात्रभराच्या तपासणीनंतर आणि दुसऱ्या दिवशीच्या एमएसएलटीनंतर मिळालं.

अडचण नेमकी कुठे होती

एमएसएलटी म्हणजे मल्टिपल स्लीप लेटन्सी टेस्ट. दिवसभरात दर दोन तासांनी एक अशा पाच वेळा रुग्णाला अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगतात आणि झोप लागायला किती मिनिटं लागली ते मोजतात. २० मिनिटांत झोप लागली नाही तर तो प्रयत्न तिथंच संपवतात. पाचांची सरासरी ८ मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर दिवसाची झोप चाचणीच्या भाषेत सिद्ध झाली. शिवाय झोप लागल्यापासून १५ मिनिटांत स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, किती वेळा आली तेही पाहतात. दोन किंवा जास्त वेळा आली तर कौल नार्कोलेप्सीकडे, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणाऱ्या मेंदूच्या आजाराकडे, झुकतो. दोनापेक्षा कमी असेल तर इडिओपॅथिक हायपरसोम्नियाकडे. आदल्या रात्री झोप लागताच रेम आली असेल तर तीही या दोनांत धरतात.

सुमेधाच्या पाच वेळा अशा होत्या: ४, साडेपाच, ६, साडेसात आणि साडेनऊ मिनिटं. सरासरी साडेसहा. रेम एकदाच. म्हणून तिसरं नाव लागलं.

फाइल चाळताना मी त्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर अडकले. औषधांच्या रकान्यात एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, "चालू" असं लिहिलं होतं. हे औषध रेम झोप दाबतं. चाचणीच्या आधी ते बंद नव्हतं, म्हणजे रेम एकदाच आली याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. खरंच एकदाच आली असेल, किंवा औषध नसतं तर तीनदा आली असती. एका अर्थानं ती अतिनिद्रा, दुसऱ्या अर्थानं दुसऱ्या प्रकारची नार्कोलेप्सी, जिच्यात कॅटाप्लेक्सी, म्हणजे हसताना किंवा भावनेच्या भरात स्नायू एकाएकी ढिले पडणं, नसतं.

शिवाय चाचणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत ती रोज किती झोपत होती याची नोंदच नव्हती. कामाच्या दिवसांत गजरांच्या जोरावर ती सात तासांत उठत होती. जिच्या शरीराला दहा तास लागतात, तिला सात तास म्हणजे रोज तीन तासांची उधारी. अशा उधारीनंही सरासरी साडेसहावर येऊ शकते.

आणि एक गोष्ट तिला आजवर कुणी विचारली नव्हती. झोपेतून जागं होताना शरीर हलवता येत नाही असं कधी होतं का? "हो, दोन-तीन महिन्यांतून एकदा. मला वाटायचं सगळ्यांनाच होतं." झोपेतला असा लुळेपणा निरोगी माणसांनाही येतो, त्यामुळे निदान त्यावर उभं करता येत नाही. पण नार्कोलेप्सीची शक्यता खोडूनही टाकता येईना.

तिची स्वतःची अडचण मात्र वेगळी होती आणि ती तिनं स्पष्ट सांगितली. आधीच्या डॉक्टरांनी जागं ठेवणारं औषध सुचवलं होतं, ते तिनं घेतलं नव्हतं. "तीन वेळा सांगितलं की हेच आहे. तीन वेळा मी घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं. आता चौथ्यांदा कुठल्या तोंडानं सांगू? नाव पक्कं झाल्याशिवाय मी गोळी घेणार नाही."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे ते नाव मान्य करून उपचार सुरू करायचे. यात तथ्य होतं, कारण दोन्ही आजारांत सुरुवातीचं औषध बहुधा एकच, मोडाफिनिल. नाव बदललं तरी सकाळची गोळी बदलणार नव्हती. पण तिचा विश्वासच उडालेला होता, आणि अविश्वासानं घेतलेली गोळी डोकं दुखलं की दुसऱ्या आठवड्यात बंद होते.

दुसरा, एस्सिटालोप्राम बंद करून चाचणी पुन्हा करायची. किमान दोन आठवडे शरीर त्या औषधातून मोकळं हवं. ते एकदम तोडलं तर दबलेली रेम उसळून वर येते आणि खोटाच नार्कोलेप्सीचा निकाल देऊ शकते, म्हणून आधी हळूहळू डोस उतरवायचा आणि मग दोन आठवडे मोजायचे. धोका उघड होता. मन पुन्हा खचलं तर? तिच्या मागच्या नैराश्यात जीव नकोसा वाटण्याचे काही आठवडे होते. हा धोका चाचणीच्या सोयीसाठी पत्करायचा का, हा या प्रकरणातला मला सगळ्यात अवघड वाटलेला निर्णय.

तिसरा, पाठीतलं पाणी काढून ओरेक्सिन मोजायचं. मेंदूला जागं ठेवणारं हे रसायन १९९८ मध्ये सापडलं. पहिल्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत ते तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे मिलिलिटरला ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी ओरेक्सिन मिळालं की निदान जवळजवळ पक्कं. पण कॅटाप्लेक्सी तिला नव्हती. अशा रुग्णात ओरेक्सिन बहुतेक वेळा ठीकच निघतं आणि ते ठीक निघाल्यानं उरलेल्या दोन शक्यतांतली कोणती खरी ते कळत नाही. कंबरेत सुई टोचून हाती फारसं लागणार नव्हतं. रक्ताची एचएलए तपासणी, म्हणजे प्रतिकारशक्तीशी संबंधित एका आनुवंशिक घटकाची तपासणी, तिनं स्वतःच सुचवली होती. पहिल्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत तो घटक जवळजवळ सगळ्यांत सापडतो हे खरं. पण तो निरोगी लोकांतल्याही बऱ्याच जणांत असतो. ती आम्ही केली नाही.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा होता. तो लगेच बाद झाला, कारण चौकशीत कळलं की सिग्नलला थांबल्यावर गाडीत तिचा दोनदा डोळा लागला होता.

काय केलं

गाडीचा विषय त्याच दिवशी मिटवला. उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही. हे तिला आवडलं नाही. पण यासाठी नाव पक्कं असण्याची गरज नव्हती. सिग्नलवर डोळा लागतो एवढं पुरेसं होतं.

मग थायरॉईड, हिमोग्लोबिन, फेरिटिन तपासलं. सगळं ठीक. दिवसाच्या झोपेची एपवर्थ प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात २४ पैकी १० च्या वर गुण म्हणजे झोप जास्त. तिचे १७ आले.

औषध बंद करण्याबद्दल तिच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोललो. त्यांनी तीन अटी घातल्या: डोस सहा आठवड्यांत उतरवायचा, दर आठवड्याला भेट, आणि मन खचल्याची खूण दिसली तर चाचणी रद्द करून औषध परत सुरू. बहिणीला सोबत बसवून त्या खुणा ठरवल्या. सुमेधाच्या बाबतीत पहिली खूण रडू येणं ही नव्हती, फोन न उचलणं ही होती. ते बहिणीनंच सांगितलं. आम्हाला कुठून कळणार होतं?

चाचणीआधीचे दोन आठवडे तिनं रजा काढली. मनगटावर हालचाल नोंदवणारं ॲक्टिग्राफ, हातात झोपेची वही आणि एकच सूचना: गजर नाही, झोप पुरी होईपर्यंत झोपायचं. त्या १४ दिवसांत तिची झोप रोज सरासरी १० तास ३५ मिनिटं भरली, म्हणजे ६३५ मिनिटं. इडिओपॅथिक हायपरसोम्नियाच्या निकषांत एक वाट एकूण झोपेची आहे. चोवीस तासांत ६६० मिनिटं किंवा जास्त झोप दिसली तर एमएसएलटीचा आधार नसतानाही निदान होऊ शकतं. ती २५ मिनिटांनी कमी पडली.

दुसरी चाचणी

रात्री ती सव्वासात तास झोपली. किमान सहा तास लागतात, त्यामुळे चाचणी ग्राह्य होती. पाच वेळा: ६, ८, ७, ११, १४ मिनिटं. सरासरी ९.२. रेम एकदा, दुसऱ्या डुलकीत.

म्हणजे औषध काढल्यावरही रेम एकदाच आली, आणि पुरेशी झोप घेतल्यावर सरासरी ८ च्या वर गेली. कागदावर आता ती नार्कोलेप्सीतही बसत नव्हती आणि इडिओपॅथिक हायपरसोम्नियातही.

पण या निकालाचाही एक उलटा अर्थ होता. रोज साडेदहा तास झोपणाऱ्या बाईला प्रयोगशाळेनं नियमाप्रमाणे सकाळी सातच्या आत उठवलं होतं. तिचा आजार मुळात लांबलचक झोपेचा असेल, तर त्या झोपेचा शेवटचा तुकडा कापून मग दिवसाची परीक्षा घेणारी ही चाचणी तो आजार पकडायला तितकीशी योग्यच नाही. या चाचणीचा निकाल कॅटाप्लेक्सी नसलेल्या रुग्णांत दुसऱ्यांदा तसाच येईल याची खात्री नसते. फेरचाचणीत निम्म्याच्या आसपास रुग्णांचं निदान बदललेलं अभ्यासांत दिसलं आहे. निद्राविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१४ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची सुधारणा झाली, तरीही या दोन आजारांमधली सीमा धूसरच आहे.

निकाल सांगायला बोलावलं तेव्हा ती रिपोर्टकडे पाहत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

मी तिनं पहिल्या दिवशी आणलेला प्रुफाचा कागद फाइलमधून काढून तिच्यासमोर ठेवला. निदान अनिश्चित आहे, तक्रार अनिश्चित नाही. ती रेघ ९.२ मिनिटांनी पुसली जात नाही. हे मी तिला सांगितलं आणि मनापासून सांगितलं, कारण "रिपोर्ट नॉर्मल" या दोन शब्दांवर घरी परतलेले आणि मग दहा-दहा वर्षं कुणाकडेच न गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

नाव न ठरवता पुढे जाणं

फाइलवर आम्ही लिहिलं: "मेंदूशी संबंधित अतिनिद्रा, प्रकार अनिश्चित." त्याखाली तीन छोटे परिच्छेद, आणि ते तिच्यासमोर, तिच्या शब्दांत. पहिल्यात पक्कं काय: झोप लांब आहे, उठणं अवघड आहे, दिवसा लक्ष तुटतं, ॲप्निया हे त्याचं कारण नाही कारण सीपॅपनं फरक पडला नाही. दुसऱ्यात आत्ता काय करायचं. तिसऱ्यात काय दिसलं तर आम्ही आमचं मत बदलू: हसताना गुडघे किंवा जबडा ढिला पडणं, झोपेतला लुळेपणा वाढणं, दहा मिनिटांच्या डुलकीनं एकदम ताजंतवानं वाटू लागणं (हे नार्कोलेप्सीत जास्त दिसतं), किंवा एकूण झोप ११ तासांच्या वर जाणं.

या कागदावर ती गोळी घ्यायला तयार झाली. "आता चुकलं तरी मी खोटी ठरणार नाही," असं तिचं कारण होतं. मोडाफिनिल सकाळी १०० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी २००. एस्सिटालोप्राम परत सुरू केलं, कारण बंद असताना तिसऱ्या आठवड्यात तिची झोप नव्हे, पण उमेद खाली यायला लागली होती.

ऑफिसला काय सांगायचं यावर एक पूर्ण भेट गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. तिला रोगाचं नाव असलेलं पत्र हवं होतं. आम्ही अडचणींचं पत्र दिलं: सकाळी लवकरचं काम टाळावं, सलग बारीक वाचनाऐवजी मध्ये उठण्याची मुभा असावी, अंतिम प्रुफं दिवसाच्या ठरलेल्या तीन तासांतच तपासू द्यावीत. हे पत्र नाव बदललं तरी बदलणार नव्हतं.

परिणाम

चार महिन्यांनी एपवर्थ १७ वरून ११ वर आला. कामाचे तास सकाळी अकरापासून झाले. निरर्थक खुणा थांबल्या. थकल्याच्या दिवशी अक्षर मोठं होतं, तेव्हा ती पेन्सिल खाली ठेवते. गाडी सहाव्या महिन्यात सुरू झाली, तीही फक्त गोळी घेतलेल्या दिवशी, दिवसा आणि अर्ध्या तासाच्या आतल्या अंतरासाठी. सकाळच्या उठण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. गोळी पोटात जायला आधी जागं व्हावं लागतं. आता बहीण उठायच्या तासभर आधी तिला अर्धवट जागं करून गोळी देते आणि पुन्हा झोपू देते. याचा उपयोग झाला, पण तिशीच्या बाईला रोज दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं हे तिला टोचतं आणि ते टोचणं आम्हाला कमी करता आलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक चूक आमची होती. मोडाफिनिल हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, आणि औषध थांबवल्यावरही महिनाभर तो कमीच राहतो. सुमेधा अशा गोळ्या घेत होती. हे आम्ही विचारलं पाचव्या आठवड्यात, दुसऱ्याच एका बोलण्याच्या ओघात. काही घडलं नाही. पण घडलं नाही ते आमच्या काळजीमुळे नव्हे. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता हा प्रश्न मोडाफिनिलची पहिली चिठ्ठी लिहिण्याआधीच्या कागदावर छापलेला आहे आणि उत्तराशिवाय चिठ्ठी पुढे जात नाही.

पहिल्या चाचणीच्या वेळी दोन आठवड्यांची साधी झोपेची वही आणि औषधांची चौकशी झाली असती तर कदाचित दुसरी चाचणी लागलीच नसती. वहीला खर्च नसतो, यंत्र नसतं. बहुधा म्हणूनच ती राहून जाते.

दुसऱ्या चाचणीआधी आम्ही तिला चाचणी कशी होईल ते सांगितलं, तिचा निकाल काय सांगू शकणार नाही ते नाही. तीन शक्यता आधीच कागदावर मांडायला हव्या होत्या: असं आलं तर हे, तसं आलं तर ते, आणि मधलं आलं तर नाव नाही, तरी उपचार हेच. मग "मला काहीच झालेलं नाही?" हा प्रश्न कदाचित आला नसता.

एस्सिटालोप्राम बंद करण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या विभागात आजही एकमत नाही. माझं मत असं की पहिल्यांदा मोडाफिनिल सुरू करून पाहण्यासाठी तिचं मन वळवायला आम्ही आणखी दोन भेटी द्यायला हव्या होत्या. चाचणीनं उपचार बदलले नाहीत. सहकाऱ्यांचं म्हणणं, चाचणीविना ती गोळी घेणारच नव्हती. दोन्ही खरं असू शकतं.

गेल्या भेटीत तिनं वहीतली एक नोंद दाखवली. बहिणीच्या एका बोलण्यावर खूप हसली आणि हातातला पेला सुटला. एकदाच. हात ओला होता का, ते तिला सांगता येईना. आम्ही ती नोंद तिसऱ्या परिच्छेदाखाली तारखेसह लिहिली आणि पाठीतल्या पाण्याचा विषय पुन्हा उघडा ठेवला. एस्सिटालोप्रामसारखी औषधं कॅटाप्लेक्सीही दाबतात, हे दोघींना समजावलं. पुढची भेट तीन महिन्यांनी आहे. तोवर बहिणीला सांगून ठेवलं आहे: पुन्हा असं दिसलं तर आधी तिला धरायचं, आणि एक हात मोकळा असेल तर फोनवर टिपायचं.